टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड

"शॉवरमधून पाणी पडतच नाही हो, नुसतं ओघळतं," असा फोन आला की मी आधी विचारतो, बाथरूम कितव्या मजल्यावर आहे? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : सगळ्यात वरच्या. खालच्या मजल्यावरचे लोक मजेत आंघोळी करत असतात आणि वरच्यांना कळत नाही की टाकी आपल्या डोक्यावर, सगळ्यात जवळ आपण, मग पाण्याचा जोर आपल्यालाच का नाही.

कारण टाकी जवळ आहे म्हणूनच. आयटीआयला प्लंबरचा ट्रेड करताना आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की पाण्याचा दाब उंचीतून येतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब देतो. आम्ही धंद्यात त्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतो. मजल्याची उंची तीन मीटर धरा. टाकीपासून चार मजले खाली राहणाऱ्याला त्या मजल्यांचाच सव्वा किलोच्या आसपास दाब फुकटात मिळतो. सगळ्यात वर राहणाऱ्याचा हिशेब वेगळा. गच्चीपासून टाकीचा तळ समजा दीड मीटर वर, आणि छतापासून शॉवरचं तोंड नव्वद सेंटिमीटर खाली. एकूण दोन मीटर चाळीस. म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. दुकानात काचेच्या मागे लावलेला तो ताटाएवढा रेन शॉवर नीट पडायला एक किलोच्या आसपास दाब मागतो. हा हिशेब शॉवर घेण्याआधी कुणी करत नाही. टाइल्स बसतात, फॉल्स सीलिंग होतं, मग मला फोन येतो.

पुण्यात माझं बरंचसं काम जुन्या बंगल्यांमधलं आणि रो-हाऊसमधलं. कोथरूड, सहकारनगर, औंध, बिबवेवाडी. मुलगा मोठा झाला, त्याचं ऑफिस घरातच आलं, की गच्चीवर एक खोली निघते आणि खोलीला लागून बाथरूम. पाण्याच्या दृष्टीने ही घरातली सगळ्यात अवघड जागा. वरच्या मजल्यावर निदान टाकी डोक्यावर असते, गच्चीवरच्या खोलीत ती कित्येकदा शेजारी असते.

सहकारनगरच्या एका बंगल्यात नेमकं हेच होतं. हजार लिटरची काळी टाकी, दोन फुटी विटांच्या ओट्यावर, खोलीच्या भिंतीला लागून. बादलीच्या नळाला पाणी येत होतं, शॉवरला थेंब नाही. घरमालक काकांनी प्रेशर पंप आणून लावला होता. पंप सुरूच होत नव्हता. बिघडलाय समजून त्यांनी तो दुकानातून बदलूनही आणला होता, दुसराही तसाच गप्प.

अशा वेळी मी तोंडाने फार सांगत बसत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी माझ्या पिशवीत असते. तिचं एक टोक टाकीच्या नळाला लावलं, नळी खिडकीतून बाथरूममध्ये घेतली आणि दुसरं टोक वर धरून शॉवरशेजारच्या टाइल्सवर टेकवलं. नळ उघडला. नळीतलं पाणी सरसर वर चढलं, जरा हिंदकळलं आणि शॉवरच्या तोंडाच्या फूटभर खाली येऊन थांबलं. मी त्या ठिकाणी पेन्सिलने रेघ मारली. काका रेघेकडे बघत राहिले, मग खिडकीतून टाकीकडे. टाकी त्या वेळी काठोकाठ भरलेली होती. तिच्यातल्या पाण्याची पातळी सहा फूट आणि शॉवरचं तोंड सात फुटांवर. पाणी आपल्या पातळीच्या वर आपण होऊन चढत नाही, एवढंच त्या रेघेने सांगितलं.

पंपाचंही कोडं तिथेच सुटलं. घरगुती प्रेशर पंपात बहुधा फ्लो स्विच असतो. नळ उघडला की पाणी थोडं तरी वाहायला लागतं, त्या वाहण्याने आतली कळ उचलली जाते आणि मोटर सुरू होते. इथे पाणी मुळात वाहतच नव्हतं, मग पंपाला नळ उघडल्याचं कळणार कसं? अशा जागी दाबावर चालणारा स्विच आणि सोबत छोटी प्रेशर टाकी असलेला पंप लागतो. नळ उघडला की लाइनमधला दाब उतरतो आणि त्यावर मोटर चालू होते. पण तोही मी तिथे लगेच सुचवला नाही. टाकी वर नेता येत असेल तर आधी ती न्यावी, या मताचा मी आहे. उंचीला वीज लागत नाही. ती बिघडत नाही, आवाज करत नाही, आणि पहाटे साडेपाचला लाइट गेली तरी कामावर असते.

मात्र टाकी वर नेणं म्हणजे चार हमाल बोलावून उचलणं नव्हे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते खोलीच्या स्लॅबच्या मधोमध ठेवलेलं मी पाहिलंय आणि खालून छताला गेलेली चीरही पाहिलीय. त्या बंगल्यात आम्ही आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला आणलं. त्यांनी कॉलम कुठे आहेत ते पाहून दोन लोखंडी गर्डर कॉलमवरून कॉलमवर टाकायला सांगितले, म्हणजे वजन स्लॅबवर न येता कॉलममधून खाली उतरेल. त्यावर चार फुटी स्टँड आणि फक्त त्या बाथरूमपुरती पाचशे लिटरची वेगळी टाकी. जुनी टाकी बाकीच्या घरासाठी होती तिथेच राहिली. नव्या टाकीचा तळ शॉवरच्या साडेसात फूट वर गेला. जमिनीखालच्या टाकीतून पाणी चढवणाऱ्या मोटरला आता जास्त उंची चढायची होती, तिची ताकद पुरते का तेही पाहून घेतलं. हे तपासायचं राहिलं तर टाकी वर जाते आणि भरत नाही.

"पाचशेच्या ऐवजी दोन हजारची ठेवली तर जोर वाढेल ना?" हा प्रश्न त्या काकांनीही विचारला. शिकलेली माणसंही विचारतात, आणि प्रश्न विचारण्यासारखा आहे. डोक्यावर एवढं पाणी असल्यावर त्याचा भार खाली यायलाच हवा असं वाटतं. पास्कलने सतराव्या शतकात दाखवलं की तळाशी असलेला दाब भांड्याच्या आकारावर किंवा त्यातल्या पाण्याच्या एकूण वजनावर ठरत नाही, फक्त उंचीवर ठरतो. दोन हजार लिटरची बुटकी रुंद टाकी आणि तेवढ्याच उंचीची बोटभर नळी, दोन्हींच्या तळाशी दाब सारखाच. मोठ्या टाकीने पाणी जास्त दिवस पुरेल, शॉवर तसाच राहील.

उंची झाली की पाण्याची वाट, म्हणजे पाइप, बघायचा. नळ बंद असताना जो दाब असतो तो उंचीचा. नळ उघडला की त्यातला काही भाग पाइपातच घर्षणात खर्च होतो आणि उरलेला शॉवरपर्यंत पोचतो. खाली सव्वा किलो दाब असणाऱ्याला पाइपाने पाव किलो खाल्ला तर पत्ता लागत नाही. वरच्याकडे मुळात पाव किलोच आहे. त्यामुळे एकच पाइप, एकच वळण, एकच कॉक खालच्या मजल्यावर चालून जातो आणि वर आडवा येतो.

घर्षणाचा नियम फार कडक आहे. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर पाइपाचा आतला व्यास निम्मा केल्यावर नुकसान जवळपास तीसपट होतं. हे आकडे वाचून पटत नाहीत, पाइप कापल्यावर पटतात. मागे औंधच्या एका बंगल्यात भिंत फोडून जुन्या अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा काढला. बाहेरून तो धड होता, वरचा रंगही शाबूत. हॅक्सॉने कापला आणि तोंड उजेडाकडे धरलं. कडेने तांबूस-तपकिरी थर, त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, खडबडीत, नखाने टोकरला तर कपचे निघावेत असा. मधे भोक उरलं होतं ते शिसपेन्सिल कशीबशी जाईल एवढं. त्या घरातल्या ताई तो तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "आणि आम्ही शॉवर बदलत होतो." तीन शॉवर बदलून झाले होते.

आता गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट सांगतो. असा जुना पाइप काढून लोक सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप, टाकतात. ते योग्यच आहे. सीपीव्हीसी गंजत नाही, आतून गुळगुळीत असतो, गरम पाण्यालाही चालतो. पण 'अर्धा होता, अर्धाच टाका' असं सांगितलं जातं आणि तिथे फसगत होते. अर्धा इंची जीआय पाइपाचा आतला व्यास साधारण सोळा मिलिमीटर असतो. सीपीव्हीसीचं माप वेगळ्या पद्धतीने धरतात, त्याचा अर्धा इंची पाइप बाहेरूनच सोळा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आतून उरतो सुमारे साडेबारा. व्यासातल्या या फरकाने घर्षण तिपटीच्या पुढे जातं. गुळगुळीतपणाने त्यातलं थोडं भरून निघतं, सगळं नाही. म्हणून गच्चीखालच्या बाथरूमसाठी मी टाकीपासून सव्वा इंच, बाथरूममध्ये शिरेपर्यंत एक इंच आणि मिक्सरपर्यंत पाऊण इंच अशी लाइन घेतो. अर्धा इंच फक्त शेवटच्या जोडणीला. पाइपाच्या खर्चातला हा फरक टाइल्सच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि टाइल्स लागल्यावर हीच दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

वळणांचं तसंच. अर्धा इंची एल्बो सुमारे अर्धा मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. भिंतीत दडवलेला जुन्या पद्धतीचा स्पिंडलचा कॉक तर एकटाच चार-पाच मीटर पाइपाइतका. पाण्याला त्यात खाली जाऊन, उलटं वळून पुन्हा वर यावं लागतं. टाकीच्या तोंडाशी मी नेहमी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह लावतो. आणि पाइप दाराच्या चौकटीवरून उड्डाणपुलासारखा चढवून पुन्हा उतरवू देत नाही. त्या उंचवट्यावर हवा अडकते. खालच्या मजल्यावर दाब ती हवा पुढे ढकलून देतो, वर एवढ्याशा दाबाला ते जमत नाही, आणि शॉवर थुंकल्यासारखा फुर्र फुर्र करत राहतो. लाइन टाकीपासून सतत उतरती हवी. टाकीच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे हवेचा पाइप काढून तो टाकीतल्या पाण्याच्या वर न्यायचा.

एवढं सगळं करूनही पंप लागतोच अशी घरं असतात. टाकी वर नेता येत नाही, सोसायटी परवानगी देत नाही, किंवा घरच्यांना खरंच जोरदार शॉवर हवा असतो. मग पंप लावावा, पण गच्चीवरच्या टाकीच्या पुढे. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं बेकायदा आहे आणि असायलाच हवं. मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढते, आणि लाइनमध्ये ओढ निर्माण झाली की कुठल्या तरी फुटक्या सांध्यातून बाहेरची घाणही आत येते. पंप फक्त वरच्या बाथरूमच्या लाइनवर असावा. सगळ्या घराच्या लाइनवर बसवला की खालच्या मजल्यावरचे तीस वर्षांचे जीआय सांधे, ज्यांनी एवढा दाब कधी पाहिला नाही, ते एकामागोमाग गळायला लागतात. पंपाला, पाणी उलटं न जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट बायपास द्यायचा, म्हणजे वीज नसताना पाणी निदान आपल्या उंचीने तरी येत राहील. पंपाखाली रबराचे पॅड हवेत, आणि पंप कुणाच्या पलंगावरच्या स्लॅबवर नको.

सोलर असलेल्या घरात तर फारच जपून. एका बंगल्यात गार पाण्याच्या लाइनवर पंप बसवलेला होता, गरम पाणी सोलरच्या टाकीतून तसंच खाली येत होतं. तक्रार अशी की दिवसभर ऊन असूनही सकाळी गरम पाणी नाही, आणि गच्चीवर रोज डबकं. मी गच्चीवर उभा राहिलो, खाली मुलाला मिक्सरचे दोन्ही कॉक उघडून हँडशॉवरचं बटण बंद ठेवायला सांगितलं. पंप घुमला आणि क्षणात सोलरच्या हवेच्या पाइपातून पाणी गच्चीवर सांडायला लागलं. गार बाजूला दीड किलो दाब, गरम बाजूला पाव किलोही नाही. दोन्ही पाणी मिक्सरमध्ये एकत्र येतात, तोंड बंद असलं की जास्त दाबाचं पाणी कमी दाबाच्या लाइनमध्ये उलटं शिरतं. रोज त्यांचं गार पाणी मिक्सरमधून मागे जाऊन सोलरमध्ये चढत होतं आणि तापलेलं पाणी वरून बाहेर सांडत होतं. असल्या सोलरची टाकी हवेला उघडी असते, दाब सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसते. त्यामुळे पंप तिच्या आधी लावून चालत नाही. गरम लाइनवर, सोलरच्या पुढे, गरम पाणी सोसणारा दुसरा पंप लावला, मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दिले. गरम आणि गार दोन्हींचा दाब सारखा झाल्याशिवाय मिक्सर धड चालत नाही.

आणि पाणी वाढलं की ते तापवायचं कोणी, हा प्रश्न उरतोच. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला नऊ लिटर पाणी फार तर पाच अंशांनी तापवू शकतो. पंप बसवल्यावर "गीझर बिघडला" म्हणून जे फोन येतात त्यातले बरेचसे याचेच. पंधरा लिटरच्या साठवणीच्या गीझरचं साठ अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं केलं तर साधारण तीस लिटर होतं. मिनिटाला पंधरा लिटर सोडणाऱ्या रेन शॉवरखाली ते दोन मिनिटांत संपतं. साबण लावून होईस्तोवर.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याने जुनं घर घेतलं आणि उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्यावर खोली काढली, तिथल्या लोकांमध्ये ही पद्धत फार आहे. त्याने व्हिडिओ कॉल करून दाखवलं : गार पाण्याची टाकी त्याच पोटमाळ्यावर, नवा शॉवर तिच्याच उंचीवर. मला सहकारनगरची रेघ आठवली. फ्लो स्विचच्या पंपाची अडचण तिथेही तीच, फक्त तिथल्या दुकानात अशा जागेसाठीचे पंप वेगळे मांडून ठेवतात. पण त्याच्यासमोर आणखी एक वाट होती जी आपल्याकडे सहसा नसते. तिथे रस्त्यावरच्या लाइनला दिवसरात्र दाब असतो, त्यामुळे टाकी काढूनच टाकायची आणि थेट लाइनवर गॅसचा बॉयलर जोडायचा. मी म्हटलं, आधी स्वयंपाकघरातल्या नळाखाली भांडं धर आणि घड्याळ लाव. त्याचा जुना शिशाचा पाइप मिनिटाला जेमतेम नऊ लिटर देत होता. बॉयलर काही पाणी निर्माण करत नाही. त्याने आधी रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप बदलून रुंद घेतला, मग चोवीस किलोवॅटचा बॉयलर. हिवाळ्यात तिथलं पाणी इतकं गार येतं की एवढा मोठा बॉयलरही मिनिटाला दहा लिटरच्या आतच गरम पाणी देतो. आपला तीन किलोवॅटचा गीझर आठवा आणि तुलना करा.

तेच भांडं आणि घड्याळ मी इथेही वापरतो. वीस लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. आधी गार, मग गरम, मग दोन्ही मिळून. बादली सव्वादोन मिनिटांत भरली तर मिनिटाला नऊ लिटर, आंघोळीला ते पुरतं. हे मोजण्याआधी पंपाचं नाव काढायचं नाही असा माझा शिरस्ता आहे. शॉवरची जाळी उघडून पाहायची, तिच्या मागची प्लास्टिकची प्रवाह कमी करणारी चकती काढायची, भोकं क्षाराने बुजली असतील तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायची. अँगल कॉक आणि मिक्सरमधल्या गाळण्या धुवायच्या. कित्येक घरांत काम इथेच संपतं, आणि मी फक्त फेरीचे पैसे घेतो याचं मला समाधान वाटतं.

परवा कोथरूडला एक ताई भेटल्या. गच्चीवरची खोली त्यांच्यासाठीच बांधली जात होती, भिंती उभ्या होत्या, प्लास्टर व्हायचं होतं. रेन शॉवर खोक्यातच होता. खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, तो मी त्यांना वाचून दाखवला आणि त्यांच्या टाकीचा तळ कुठे येणार आहे ते भिंतीवर दाखवलं. त्या म्हणाल्या, "दादा, मला अंगावर टोचणारा शॉवर नकोच आहे. माझे केस लांब आहेत, शिकेकाई निघून जायला भरपूर पाणी हवं, बस." मी म्हटलं, मग तुम्हाला दाब नको, पाणी हवंय, आणि ते तुमच्या टाकीच्या उंचीत बसतं. रुंद भोकांचा, कमी दाबावर चालणारा साधा हँडशॉवर घ्या, पकड जरा खाली लावू, जेवढी खाली तेवढा फायदा. त्यांनी रेन शॉवर दुकानात परत केला, आणि उरलेल्या पैशांत टाकीपासूनची पाऊण इंची लाइन सव्वा इंची करून घेतली.